गाडीची वाट आणि ओटा करण्याआधी जमीन कशी तयार करावी? ठाणे-नवी मुंबईतल्या रो-हाउस आणि बंगलेवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेव्हर ब्लॉकचा रंग ठरतो, नक्षी ठरते, ठेकेदार चौरस फुटाचा भाव सांगून मोकळा होतो, आणि मग घरातलं कुणीतरी विचारतं, "पण खाली काय टाकणार?" मला येणारे बहुतेक फोन याच टप्प्यावरचे असतात. पुढची उत्तरं लिहिताना ऐरोली, नेरूळ, बेलापूर, खारघर, उलवे इथली रो-हाउसं आणि घोडबंदर रोड, कासारवडवली, येऊरच्या पायथ्याचे बंगले डोळ्यांपुढे आहेत. वरची फरशी कधीही बदलता येते. खालची जमीन चुकली तर सगळं उखडावं लागतं, म्हणून इथे बोलणं जास्त खालच्या थरांबद्दलच आहे.

आमच्या अंगणाखाली नेमकं काय आहे, हे कसं ओळखायचं?

खड्डा खणून. दुसरा स्वस्त मार्ग नाही. एक खड्डा फाटकाजवळ, एक घराच्या जोत्याजवळ, दोन बाय दोन फुटांचा आणि तीन फूट खोल. एक बिगारी अर्ध्या दिवसात करून देतो.

घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला असाल तर वरची फूटभर माती गेली की तांबूस-पिवळा मुरूम लागतो आणि त्याखाली काळा कातळ. पहार खणकन वाजते. ही चांगली जमीन. तिथले प्रश्न पाण्याच्या पाझराचे असतात, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

नवी मुंबईत खाडीच्या बाजूला चित्र वेगळं दिसतं. १९७० मध्ये सिडको आली तेव्हा पारसिकच्या डोंगररांगेपासून खाडीपर्यंतच्या पट्ट्यात भातशेती, मिठागरं आणि खारजमीन होती. आजचे बरेच सेक्टर त्यावर केलेल्या भरावावर उभे आहेत. अशा प्लॉटमध्ये खणलं की आधी फूट-दीड फूट मुरूम लागतो. मग कुणीतरी कधीतरी टाकलेलं राबिट: विटांचे तुकडे, टाइल्सच्या कपच्या, सिमेंटच्या गोणीची चिंधी. त्याखाली निळसर-काळी माती. बोटांत दाबली तर शाडूसारखी चिकटते, नाकाशी नेली तर खाडीचा वास येतो, आणि नीट पाहिलं तर बारीक शिंपल्याही दिसतात. ही समुद्री चिकणमाती. ती लागली की पुढचे सगळे आकडे बदलतात.

आणखी एक करा. खड्डा लगेच बुजवू नका. वर फळी टाकून, मुलं पडणार नाहीत अशी सोय करून, दोन दिवस तसाच ठेवा. त्यातला एक दिवस अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाचा असेल असा बेत करा. भरतीबरोबर तळाला पाणी चढत असेल तर तुमच्या अंगणाखालचं पाणी खाडीशी बोलतंय असं समजा.

घराला तडा नाही, पण अंगण दर वर्षी खाली जातंय. पायरीखाली आणखी एक पायरी बांधावी लागली. घर खचतंय का?

बहुतेक वेळा नाही. घर जागेवर असतं, अंगणच बसत असतं. भरावाच्या जमिनीवरच्या इमारतींचा पाया चिकणमाती ओलांडून खालच्या पक्क्या थरावर नेलेला असतो, पुष्कळदा पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालून. अंगणाला असा पाया नसतो. ते नुसतं भरावावर पसरलेलं असतं, आणि भरावाच्या वजनाने खालच्या चिकणमातीतलं पाणी हळूहळू पिळून निघत राहतं. हे काम महिन्यांत उरकत नाही, वर्षानुवर्षं चालतं.

यावर लोकांचा पहिला उपाय म्हणजे आणखी मुरूम ओतून लेव्हल वर आणणं. खालच्या मातीवर नवं वजन आलं की ती आणखी बसते. दोन-तीन इंचांसाठी चालेल, पण दर दोन वर्षांनी हेच करत राहिलात तर अंगण तुमच्या पुढे पळत राहील.

अशा जागी मी तीन गोष्टी सांगतो. एक, अंगणाची फरशी जोत्याला जोडू नका. मध्ये अर्ध्या इंचाची फट सोडा आणि ती लवचिक सीलंटने भरा, सिमेंटने नाही. दोन, अखंड काँक्रीटऐवजी पेव्हर घ्या. बसलेला भाग उचलून, खाली माल टाकून, तेच ब्लॉक परत बसवता येतात. तीन, घरातून बाहेर पडणारे सांडपाण्याचे पाइप जोत्याच्या रेषेवर तपासा. घर जागेवर आणि जमीन खाली, अशा ओढाताणीत पाइपचा सांधा तिथेच निखळतो. मग गळणारं पाणी माती वाहून नेतं आणि खड्डा पडतो. नवीन फरशी टाकून सहा महिन्यांत एकाच ठिकाणी खळगा दिसू लागला तर ठेकेदाराला फोन करण्याआधी चेंबरचं झाकण उघडून बघा.

घराच्या भिंतींनाच तिरके तडे जात असतील, दारं अडकत असतील, तर मात्र हे पान बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

खणायचं किती खोल?

वरून खाली मोजत जायचं. गाडीच्या वाटेसाठी साधारण असं:

पेव्हर ६० मिमी, त्याखाली ग्रिट (खडीची बारीक चुरी) किंवा क्रश सँडचा (दगड भरडून केलेली वाळू) ३० ते ४० मिमी थर, त्याखाली वेट मिक्स (खडी आणि चुरी पाणी घालून कालवलेला माल) किंवा खडी-ग्रिटचा १५० मिमी दाबलेला थर, आणि त्याखाली १०० ते १५० मिमी मुरूम. बेरीज साधारण फूट-सव्वा फुटाची होते. खाली पक्का मुरूम किंवा कातळ लागला तर शेवटचा थर वाचतो. चिकणमाती लागली तर उलट तिथे नऊ इंची रबल सोलिंग करावं लागतं: हाताने रचलेले दगड, मधल्या फटींत ठोकून बसवलेल्या चिपा. सोलिंगच्या खाली जिओटेक्स्टाइलचं कापड, साधारण २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं), न विणलेलं. त्या कापडाचं काम एकच, दगड चिखलात रुतू न देणं आणि चिखल दगडांत वर येऊ न देणं. ठेकेदार "कशाला साहेब" म्हणतील. तरीही टाका, सगळ्या कामाच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ असतो.

ब्लॉकच्या जाडीबद्दल भारतीय मानक आयएस १५६५८ सोपं आहे. २००६ च्या आवृत्तीत नुसत्या पायी वापराला ५० मिमी आणि एम-३० (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तेवढं मजबूत), हलक्या वाहनांना ६० मिमी आणि एम-३५, मध्यम वाहतुकीला ८० मिमी आणि एम-४० अशी वर्गवारी दिलेली आहे.

पण खोली ठरवताना स्वतःच्या गाडीकडे बघू नका, टँकरकडे बघा. घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर फाटकातून आत येतो हे काही नवल नाही. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन, त्यात गाडीचं वजन वेगळं. तुमची एसयूव्ही दोन टनांची. टँकर आत येत असेल तर ८० मिमीचा ब्लॉक आणि खाली सोलिंग, यात काटकसर नको. किंवा टँकर फाटकाबाहेर उभा करून पाइप आत घ्या. तो उपाय फुकटचा आहे.

भरावाला कोणता माल चालतो? घर पाडल्याचं राबिट स्वस्तात मिळतंय.

स्वच्छ काँक्रीटचे आणि विटांचे तुकडे तळाला चालवून घेता येतील. पण "राबिट" म्हणून येणाऱ्या डंपरमध्ये प्लास्टर, लाकडाच्या ढलप्या, थर्माकोल, प्लास्टिक, कधी कधी जुनी गादीसुद्धा निघते. लाकूड कुजतं, तिथे पोकळी होते, आणि वाळवीला आयतं जेवण मिळतं. स्वतः उभं राहून निवडून घेणार असाल तरच त्या वाटेला जा.

मुरूम घ्यायचा तर कडक मुरूम घ्या. नुसता तांबडा रंग बघून फसू नका, लाल मातीही तशीच दिसते. मूठभर घ्या, थोडं पाणी घाला, गोळा करा. बोटांवर चिकट लेप राहिला आणि गोळा लाडवासारखा गुळगुळीत वळला तर त्यात माती जास्त आहे. चांगला मुरूम हाताला खरखरीत लागतो, गोळा जेमतेम धरतो आणि वाळल्यावर टणक होतो.

वाळूच्या बाबतीत एकच: खाडीची वाळू नको. तिच्यातल्या मिठाने ब्लॉकवर पांढरे डाग फुटतात आणि जवळपास लोखंड असेल तर तेही गंजतं. क्रश सँड सरळ घ्यावी.

एक ब्रास म्हणजे किती, आणि मला किती लागेल?

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. दहा फूट रुंद आणि तीस फूट लांब वाट धरा, ३०० चौरस फूट. त्यावर नऊ इंच मुरूम हवा तर २२५ घनफूट, म्हणजे सव्वादोन ब्रास. पण हे दाबलेलं माप झालं. डंपरमधला माल मोकळा असतो, दाबल्यावर तो बसतो. म्हणून पंचवीस-तीस टक्के जास्त, म्हणजे जवळजवळ तीन ब्रास मागवा.

डंपर आला की रिकामा करण्याआधी आतलं माप टेपने घ्या. लांबी, रुंदी, आणि मालाची खोली तीन ठिकाणी. मध्ये ढीग आणि कडेला खळगा असेल तर फावड्याने सपाट करायला लावा. ड्रायव्हर कुरकुरेल, करू द्या. वाहतूक पासही मागा. मुरूम हे गौण खनिज आहे. उत्खनन आणि वाहतूक दोन्हींना महसूल खात्याचा परवाना लागतो, आणि बिनपासाचा माल पकडला गेला की भानगड तुमच्या दारात येते.

धुम्मस मारून भागेल, की रोलर लागेल?

फाटकातून रोलर येत नसेल तर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरणाऱ्या पत्र्याने जमीन दाबणारं हाताने चालवायचं मशीन, भाड्याने आणा. नुसती धुम्मस कोपऱ्यांत, चेंबरभोवती आणि भिंतीलगत वापरायची.

मशीनपेक्षा महत्त्वाचं आहे ते थर. बहुतेक अंगणं इथेच वाया जातात. फूटभर मुरूम एकदम ओतून वरून कितीही मशीन फिरवलंत तरी वरचे चार इंच कडक होतात आणि खालचे आठ इंच पोकळ राहतात. लहान प्लेट कॉम्पॅक्टरला चार ते सहा इंचांचाच थर द्यायचा. थर पसरा, पाणी शिंपडा, तासभर मुरू द्या, मशीन फिरवा, मग पुढचा थर. पाणी किती? मूठ वळली की मुरूम धरतो आणि बोटाने टोचलं की दोन-तीन तुकड्यांत फुटतो, एवढं. हाताला पाणी लागलं तर जास्त झालं, आज थांबा. भुगा होऊन सांडला तर कमी.

तपासणी अशी करा. दाबलेल्या थरावर बुटाची टाच जोर लावून फिरवा. ठसा उमटला तर परत मशीन. शेवटच्या थरावर तुमचीच गाडी आत-बाहेर करा आणि वाकून चाकांच्या पट्ट्यांकडे बघा. जिथे जमीन दबते आणि चाक पुढे गेल्यावर पुन्हा वर येते, तिथे खाली चिखलाचा खिसा आहे. तो खणून काढायचा. त्यावर आणखी मुरूम टाकून तो लपतो, जात नाही.

पावसाळ्याआधी करावं की नंतर?

भराव आधी, फरशी नंतर. मुंबई भागात मान्सून साधारण ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. जुने मिस्त्री म्हणतात, "भरावाला एक पावसाळा खाऊ दे," आणि मला यात अजून खोट सापडलेली नाही. एप्रिल-मेमध्ये खणणं, मुरूम, सोलिंग उरका. वर खडी-ग्रिटचा थर दाबून ठेवा, चिखल होत नाही आणि गाडीही लावता येते. पावसाळ्यात कुठे पाणी साचतं, कुठे खचतं हे बघून खडूने नव्हे, मोबाइलने खुणा करून ठेवा. दिवाळीनंतर दुरुस्ती करून पेव्हर.

एवढा धीर नसेल तर थर नीट दाबा आणि मेच्या मध्यापर्यंत काम संपवा. जूनमध्ये उघडा पडलेला खड्डा म्हणजे डबकं. तो वाळेपर्यंत नवरात्र येतं.

ढाळ किती द्यायचा आणि पाणी कुठे काढायचं?

पेव्हरला पन्नासास एक, म्हणजे दहा फुटांना जवळजवळ अडीच इंच. तीस फुटांच्या वाटेला सव्वासात इंच होतात. गुळगुळीत काँक्रीटला यापेक्षा थोडा कमी चालतो.

अंदाज यावा म्हणून हिशोब सांगतो. हजार चौरस फुटांच्या अंगणावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि असे दिवस इथे दर पावसाळ्यात येतात, तर ९,३०० लिटर पाणी जमा होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंदला गेला होता. तेवढ्यासाठी कुणी अंगण बांधत नाही, पण शंभरासाठी बांधायलाच हवं. छपराचे पाइपही अंगणातच सोडलेले असतील तर छपराचं क्षेत्रफळ वरच्या हिशोबात मिळवा.

ढाळ फक्त वरच्या फरशीला देऊन भागत नाही. मुरुमाच्या थरापासूनच तो हवा. ब्लॉकच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी खालच्या थरावर येतं; तो सपाट किंवा उलटा असेल तर ते तिथेच साचतं, ग्रिट सैल होते आणि ब्लॉक हलू लागतात. चालताना पचपच आवाज करून फटीतून पाणी उडवणारे ब्लॉक तुम्ही पाहिले असतीलच.

ढाळ घरापासून बाहेर. तयार फरशी जोत्याच्या ओल-रोधक थराच्या किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर भिंतीत ओल चढते. पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत सोडायचं नाही.

लेव्हलसाठी लेझर नसेल तर पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या. दोघांनी धरायची, आत हवेचा बुडबुडा नाही हे बघायचं, जोत्याच्या कोपऱ्यावर एक खूण, फाटकाच्या खांबावर दुसरी. मिस्त्रीने केलं असलं तरी एकदा स्वतः उभं राहून बघा. दोरी बांधण्याआधीची ही दहा मिनिटं.

रस्ताच आमच्या प्लॉटपेक्षा उंच झालाय. मग?

हा आता सार्वत्रिक प्रश्न आहे. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, मग काँक्रीट येतं, आणि वीस वर्षांपूर्वी रस्त्याला पाणी देणारं अंगण रस्त्याचं पाणी घेऊ लागतं. फाटकाच्या आत आडवी गटार घ्या, वर जड वाहनांची लोखंडी जाळी, आणि ते पाणी बाजूच्या मार्जिनमधून (घर आणि कुंपण यांच्यातली मोकळी जागा) पावसाळी नाल्यापर्यंत न्या. फाटकाशी दोन-तीन इंचांचा हलका उंचवटा द्या, गाडी खालून घासणार नाही एवढाच. नाल्याचा तळच तुमच्या गटारापेक्षा वर असेल तर पाणी गोळा करणारी टाकी (संप) आणि छोटा पंप याशिवाय पर्याय राहत नाही.

खाडीकाठच्या सेक्टरांत भरतीचंही ध्यान ठेवा. नवी मुंबईचा काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने सिडकोने धारण तलाव केले. भरती ओसरेपर्यंत पावसाचं पाणी तिथे थांबतं. मुसळधार पाऊस आणि उधाण एकत्र आलं की तुमच्या गटारातलं पाणीही काही तास थांबणार. तेव्हा ते घराकडे न येता फाटकाकडे थांबावं, एवढं ढाळाने साधता येतं.

अंगणात शोषखड्डा केला तर?

डोंगराकडे चांगली कल्पना. खाडीकडे पावसाळ्यात तो तुडुंब भरलेलाच असतो, कारण भूजल आधीच वर असतं. पहिल्या प्रश्नातला खड्डा तुम्हाला हे सांगेल.

आमचा प्लॉट उतारावर आहे. अर्ध्या भागात कातळ, अर्ध्यात भराव.

कापलेला भाग हलत नाही, भरलेला बसतो, आणि तडा बरोबर दोघांच्या सीमेवर जातो. कातळ जिथे संपतो तिथे तो एकदम तोडून न ठेवता ब्रेकरने पायऱ्या पाडून खाली उतरवा, म्हणजे भराव हळूहळू जाड होत जाईल. काँक्रीट करणार असाल तर सांधा त्याच रेषेवर घ्या.

दुसरी गोष्ट पाझराची. ऑगस्टमध्ये येऊरच्या बाजूच्या प्लॉटमध्ये वरच्या अंगाने जमिनीतून पाणी अक्षरशः फुटतं. ते फरशीखाली शिरण्याआधी अडवा. वरच्या कडेने दीड-दोन फूट खोल चर, त्यात जिओटेक्स्टाइल, छिद्रांचा पाइप, भोवती २० मिमी खडी, कापड वरून गुंडाळून घ्यायचं. पाइपला बाहेरच्या नाल्यापर्यंत उतार. खालच्या बाजूच्या संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं ठेवली नाहीत तर मागे साठलेलं पाणी भिंतीला ढकलतं. भिंत चार फुटांपेक्षा उंच होणार असेल तर ती मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

खणताना आधी काय तपासावं?

गॅसची पिवळी पाइपलाइन, महावितरणची केबल, पाण्याची जोडणी, इंटरनेटची वायर, सांडपाण्याची लाइन. घर घेतलं तेव्हाचा नकाशा असेल तर काढा, नसेल तर मीटर आणि चेंबर कुठे आहेत ते बघून रेषा जोडा. महानगर गॅसची पाइप प्लॉटमधून गेली असेल तर त्यांना आधी कळवा आणि त्या पट्ट्यात जेसीबी नको, फावड्याने खणा. इशाऱ्याची पट्टी किंवा विटांचा थर लागला की थांबायचं.

चेंबरची झाकणं नव्या लेव्हलला उचलून घ्यायला विसरू नका. पेव्हरखाली गाडलेलं चेंबर लाइन तुंबली की शोधावं लागतं, आणि ती तुंबते पाहुणे आलेले असताना.

जमिनीखालच्या टाकीवरून किंवा सेप्टिक टँकवरून गाडी नेली तर चालेल?

स्लॅब गाडीच्या वजनासाठी केलेला आहे असा इंजिनिअरचा कागद असेल तर. नाहीतर नाही. वाट वळवा.

वाटेत आंब्याचं झाड आहे.

महापालिका हद्दीत खासगी जागेतलं झाड तोडायला किंवा छाटायलाही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. पण परवानगी मिळाली म्हणून तोडावंच असं नाही. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या बाबतीत २०१३ मध्ये हेच अंतर सांगितलं होतं. मनगटाएवढी जाड मुळं कापू नका, तिथे थर पातळ करून पेव्हर थोडे उचला. आधाराची मुळं कापलेलं झाड पुढच्या पावसात वाऱ्याने गाडीवरच पडतं.

कुणाची परवानगी लागते?

फुटपाथ किंवा गटाराचा कठडा तोडून फाटक करायचं असेल तर महापालिकेची. रो-हाउसची सोसायटी असेल तर तिचं ना-हरकत पत्र. सिडकोचा भाडेपट्ट्याचा प्लॉट असेल तर करारातल्या अटी वाचून घ्या. जमिनीलगतची फरशी हा साधा विषय आहे, पण ओट्यावर पत्र्याचं छप्पर घातलं की ते बांधकाम होतं आणि मार्जिनच्या जागेचे नियम लागू होतात. येऊरमध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र असल्याने खोदकामाआधी चौकशी करणं शहाणपणाचं.

पेव्हर, काँक्रीट की शहाबादी?

भरावाच्या जमिनीवर गाडीसाठी पेव्हर. कातळ-मुरुमावर काँक्रीट उत्तम: एम-२० किंवा वरचं, पाच-सहा इंच, दहा-बारा फुटांचे चौकोन पाडून, सांधे दुसऱ्या दिवशीच कापून. पीपीसी सिमेंटला (राख मिसळलेलं, बाजारात सर्रास मिळणारं) दहा दिवस पाणी मारा. दोन दिवसांत गाडी चढवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांचे कोपरे मोडलेले असतात. शहाबादी आणि कोटा ओट्यावर ठीक, गाडीखाली नाही. पॉलिश केलेला दगड बाहेर घेऊच नका, जुलैत शेवाळ धरतो.

पेव्हरखाली कोरडं सिमेंट-वाळू पसरायची पद्धत मला पटत नाही. दमट हवेत त्याचे गठ्ठे होतात, आणि पुढे ब्लॉक उचलायचे म्हटलं की फोडावे लागतात. कडेला मात्र काँक्रीटमध्ये पक्के बसवलेले कर्ब, म्हणजे कडेचे उभे ब्लॉक, हवेतच. कड मोकळी असली की चाकाच्या वळणाबरोबर ब्लॉक बाहेर सरकत जातात.

बसायच्या ओट्यालाही इतकंच खणायचं का?

नाही. माणसं आणि खुर्च्या बसणार. आठ-नऊ इंच पुरे: चार इंच दाबलेला मुरूम, तीन इंच खडी किंवा पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), वर फरशी. पण ओटा आणि गाडीची वाट लागून असतील तर दोघांमध्ये सांधा ठेवा, दोन्ही सारख्या वेगाने बसत नाहीत. झोपाळ्याचे खांब किंवा पाण्याची मोठी टाकी ठेवणार असाल तर तिथे वेगळा पाया.

घुशींनी पेव्हरखाली बिळं केली आहेत.

नवी मुंबईतली ही खरी डोकेदुखी. घुशी गटारालगतच्या मऊ कडेने आत शिरतात, ग्रिट उकरून बाहेर ढीग घालतात, आणि एक दिवस चाक आत जातं. औषध टाकून बीळ बुजवलं तर बाजूला दुसरं निघतं. काम सुरू असतानाच गटाराच्या आणि कुंपणाच्या कडेने दीड फूट खोल काँक्रीटची पट्टी घाला, गटाराच्या तोंडांना जाळ्या बसवा, फुटलेले पाइप-सांधे बंद करा. नंतर करायचं म्हणजे कडेच्या दोन ओळी उचलाव्या लागतात.

वाळवीचं औषध घराच्या जोत्यालगत मारून घ्या, परवानाधारक माणसाकडून. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर त्याला आधी सांगा. सगळ्या अंगणभर फवारायची गरज नसते.

निघालेली माती आणि डेब्रिज कुठे टाकायचं?

खाडीकाठी, तिवरांत नक्कीच नाही. तिवरांच्या जागेत राबिट टाकायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच मनाई केली आहे, आणि ठाणे, नवी मुंबई दोन्ही महापालिका डेब्रिज टाकणाऱ्या गाड्यांवर कारवाई करतात. महापालिकेने ठरवलेल्या जागी पैसे भरून पाठवा आणि पावती घ्या. वरची काळी सुपीक माती मात्र देऊ नका. बाजूला ढीग करून झाका, कुंड्यांना आणि वाफ्यांना लागते.

ठेकेदाराशी बोलताना काय लिहून घ्यावं?

चौरस फुटाच्या एका भावात सगळं घेऊ नका, त्या भावात खालचे थरच पातळ होतात. खोदाई, माती वाहून नेणं, मुरूम, सोलिंग, वेट मिक्स, पेव्हर, कर्ब, असे वेगळे दर आणि प्रत्येक थराची *दाबल्यानंतरची* जाडी लिहून घ्या. "दाबल्यानंतरची" हा शब्द कागदावर हवाच. पैशांचे हप्ते थरांशी बांधा: सोलिंग बघून एक, वेट मिक्स बघून दुसरा. प्रत्येक थरावर टेप धरून फोटो काढा. थोडी रक्कम पहिल्या पावसाळ्यानंतर देण्याचं ठरवा. चांगला ठेकेदार याला तयार होतो. जो भडकतो त्याच्या मागच्या कामाचा पत्ता मागून ते एकदा बघून या.

जुना कोबा (सिमेंटची जमीन) आहे, त्यावरच पेव्हर टाकले तर खोदाई वाचेल ना?

कोबा अखंड असेल, ढाळ बरोबर असेल आणि जोत्याशी सहा इंच उरत असतील तर वाचेल. त्यात दर चार-पाच फुटांवर दोन इंची भोकं पाडून खडीने भरा, म्हणजे ग्रिटमधलं पाणी खाली जाईल. कोब्याला तडे असतील तर आधी त्यावर हातोडी वाजवत फिरा. जिथे बद्द आवाज येतो तिथे खाली पोकळी आहे, तेवढा भाग फोडून भरायचा. निम्म्याहून जास्त ठिकाणी बद्द वाजला तर जेसीबी बोलवा आणि वरच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा.